आठ नंबरची तार

टक्सनमधला मे. सकाळचे सहा.
खड्ड्याच्या काठावर ओफेलिया बारासा
गुडघ्यांना फोमच्या वाट्या बांधून बसली आहे.
हावरकँपांच्या मागच्या अंगणात
अजून पाणी नाही, निळा रंग नाही,
नुसता सळयांचा पिंजरा, राजम्याच्या दाण्यासारखा वाकडा,
आणि त्यात आपणहून शिरलेला एक सरडा.

ती उघड्या तांब्याची तार उलगडते.
आठ नंबर, सलग, भरीव.
सळीला क्लॅम्प. पाना. अर्धा पीळ आणखी.
मग शिडीच्या खोबणीला, दिव्याच्या कोनाड्याला,
पंपाच्या पाठीवरच्या त्या चिमुकल्या स्क्रूला
ज्याच्याकडे कोणीच बघत नाही.
मग काठाभोवती एक फेरा, दीड-दोन फुटांवरून,
पांढरी चुनखडी जमीन फोडत.
पहारीला उलट उत्तर देते इथली जमीन.
इथे पाणीसुद्धा मुरत नाही.

गॉर्डन हावरकँप कॉफीचा मग घेऊन उभे.
"हे सगळं गाडूनच टाकायचं ना?
कोणाला दिसणारसुद्धा नाही."

"सगळे हिला अर्थिंग समजतात," ती मान वर न करता म्हणते,
"अर्थ वेगळा आहे.
ही वीज जमिनीत सोडत नाही.
पाणी, शिडी, फरशी, तुमचा ओला पाय,
सगळ्यांना एका पातळीवर धरून ठेवते.
वीज काय, येईल कुठून तरी. येतेच.
पण उतारच नसेल
तर वाहणार कुठे?"

युमाचं ती सांगत नाही.
मोटेलात आई खोल्या झाडायची
आणि दोघी बहिणी चोरून पाण्यात.
नीदिया म्हणाली, पाणी चावतंय.
ओफेलिया हसली.
खूप हसली, नीदियाने शिडी धरेपर्यंत.

नीदिया आहे. फिनिक्सला असते, दोन नातवंडं आहेत.
अजून नळ उघडण्याआधी
हाताच्या पाठीने त्याला शिवून बघते,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाला शिवावं तसं.

दहाला इन्स्पेक्टर त्सोसी आला.
एकेक क्लॅम्प ओढून पाहिला, हिरवा कागद चिकटवला.
दुपारी पाइपातून काँक्रीट फवारलं.
तांबं गेलं. सरडा त्याआधीच कधीतरी निघून गेला असावा.

जुलैत ती उरलेला चेक घ्यायला आली
तेव्हा पाणी होतं, निळा रंग होता,
आणि हावरकँपांची नात पाण्यातून बाहेर येत होती,
एक हात शिडीवर, एक पाय तापल्या फरशीवर,
तोंडाने काहीतरी बडबडत.

ओफेलिया बोलता बोलता थांबली.

काही झालं नाही.
पोरगी ठिबकत घरात गेली, दार आपटलं.

चेक घडी करून खिशात टाकण्याआधी
ती शिडीजवळ गेली
आणि हाताच्या पाठीने
तिला एकदा शिवून आली.