साडेपाच फूट

रूळ मोजायला बसलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.
हर्षल म्हणाला, आत्या, उन्हानं लोखंड वाढतं,
मग माप कुठलं धरायचं?
म्हटलं, आजचं धर.

एक हजार सहाशे शहात्तर, आतून आत.
जुन्या सिग्नलच्या खांबाशी ब्याऐंशी.
घाणेरीच्या जाळीत हात घालून मोजलं तर नव्वद.
कंपनी बंद पडून एकोणीस वर्षं झाली,
दोघं थोडे थोडे लांब सरकत गेलेत,
भांडण न करता.

म्हणून भुजा सरकती केली, पाइपात पाइप.
तुर्भ्याच्या मुनाफकडून आणलेली इस्पितळाची खाट कापली;
पांढऱ्या रंगावर अजून ‘वॉर्ड ३’ वाचता येतं.
टोकाला सरकत्या गेटचं चाक, मधोमध खाच असलेलं.
सायकल डाव्या रुळावर, भुजा उजव्यावर,
आणि पुढच्या चाकाआधी दोन नायलॉनचे रोलर,
रुळाचं डोकं दोन्हीकडून चिमटीत धरणारे.
बेअरिंग मात्र नवीन घेतली.
बेअरिंगमध्ये कंजुषी करू नये, हे आयटीआयच्या सरांचं वाक्य,
ज्यांनी पहिल्या दिवशी मला दारातच विचारलं होतं,
शिवणक्लास पलीकडच्या इमारतीत आहे, माहीत आहे ना?

पहिल्या दिवशी वेल्ड टिकला, गुडघा फुटला.
चूक यंत्राची नव्हती. मी हँडल वळवलं.
चाळीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर
डावीकडून रिक्षा, उजवीकडून टँकर चुकवत आलेले हात,
त्यांना आता काही करू नका म्हणून सांगायचं,
ते कसे ऐकतील?
शेवटी फाटक्या ट्यूबची पट्टी कापून हँडल दांड्याला बांधलं.
हात मांडीवर ठेवले.
थोडा वेळ ते पाहुण्यासारखे बसून राहिले.

याच रुळावरून आमचे व्हॉल्व्ह बाहेर जायचे.
अकरा वर्षं मी त्यांच्या फ्लँजला भोकं पाडली,
पण गेटापलीकडे बायकांना सोडत नसत,
त्यामुळे माल कुठून जातो, ते कधी पाहिलं नव्हतं.
बाबा एवढंच म्हणायचे,
आपला खालचा तुकरा रुलाखाली गेला.
कुठे, असं विचारलं की गोठिवलीच्या ओट्यावर बसूनच
हात लांब करायचे. हात लांबला की डोंगर दिसायचा.

तिसऱ्या रविवारी एकटीच गेले.
जोडावर टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्.
पेडल हलकं चाललं होतं.
मध्येच ते आपोआप पळायला लागलं,
साखळी सैल पडली,
आणि वीसेक हातांनंतर एकदम जड झालं,
उभं राहून मारावं लागलं.
उतरून पाहिलं. खडी, गवत, बिस्किटाचा कागद.
डोळ्यांना रूळ सरळच दिसत होता.
परत मागे नेऊन पुन्हा चालवली. पुन्हा तेच.
खाली ओली माती आहे. भराव बसलाय.
भाताच्या चिखलाला अजून वजन सोसत नाही.

पुढे रूळच नाही; कुणीतरी गॅसनं कापून नेलाय.
त्यापलीकडे बिनखिडक्यांची नवी इमारत,
आत माणसं नाहीत, नुसती माहिती साठवतात म्हणे.
तिचा वॉचमन बिनोद स्टूलवरून उठून आला.
मला वाटलं, हटकणार.
त्यानं चाकाची खाच बोटानं चाचपली, विचारलं,
ग्रीस कुठलं घातलं?
मग दोघांनी मिळून अख्खं धूड उचलून फिरवलं.

भुजा उजवीकडेच, म्हणून परतताना दुसरा रूळ मिळतो.
जाताना जो पलीकडे होता, तो.
मी जोड मोजत आले. नववा, आठवा.
सातव्याशी जड व्हायला हवं होतं, झालं नाही.
सहाव्याच्या अलीकडे झालं.
थांबले. एक पाय स्लीपरवर टेकला.

बांध तिरका होता तर.
हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.