घरपोच

पीठ, यीस्ट, चिमूटभर साखर, कोमट पाणी.
लॉरेटानं बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला:
चौघांना पुरून पावणेचार डॉलर.
दुकानातला बावीसला पडतो.

गोळा रेडिएटरवर झाकून ठेवला.
फुगला छान; लाटताना गोल मात्र होईना,
एरी सरोवरासारखा एकीकडे लांबत गेला.
चीज ओढूनताणून कडेपर्यंत पोचलं.

भाजल्याचा वास घरभर.
धाकटा एमेट म्हणाला,
पण बेल कुठे वाजली?

फाउंड्री बंद झाल्यापासून
जेवताना मान वर न करणारा वेंडेल उठला,
ट्रे घेऊन मागच्या दारानं गेला,
बर्फातून, सपाता फटफटवत,
आणि पुढची बेल दाबली.

"बावीस डॉलर."
चष्म्यावर वाफ धरलेली.

लॉरेटा दारातच,
हात पिठाचे,
म्हणाली, सुटे नाहीत.