यंत्र थांबलं की

खळदकरांचं अक्षर म्हणजे
मुंग्यांनी मोर्चा काढावा आणि मध्येच पांगावं.
ते फक्त मला लागायचं. म्हणून मला महिना दीडशे रुपये,
आणि नव्या पेठेतली दुसऱ्या मजल्यावरची खोली,
जिच्या खिडकीतून वैकुंठाची चिमणी दिसायची.
तिथं मराठी रेमिंग्टनपुढे मी बसले सव्वीस वर्षं
आणि लोकांना हसवायचं टाइप केलं,
दोन कार्बन लावून.

दिवसा ते पाटबंधारे खात्यात.
पाणीपट्टीच्या थकबाकीचे रद्द तक्ते उलटे करून
साहेबाच्या डोळ्यादेखत लिहायचे. साहेबाला वाटे, केवढं काम!
डाव्या रकान्यात : जावई शिडीवरून पडतो.
उजव्या रकान्यात : “पडलो नाही. उतरलो. जरा लवकर.”

संध्याकाळी पलीकडच्या खोलीत, दिवा न लावता
माझं यंत्र ऐकत बसायचे.
खडखड चालूच राहिली, की ओळ मेली.
यंत्र थांबलं, की बाई हसल्या,
की पेन्सिलीनं भिंतीवर एक रेघ.
कुंदावहिनी दर दिवाळीला म्हणायच्या, या भिंतीला रंग देऊ.
ते म्हणायचे, पुढच्या.

शुक्रवारी पहिला खेळ. तिकीट स्वतः काढून,
कारण फुकट पासावर माणूस कमी हसतो.
शेवटच्या रांगेत बसून पडदा सोडून
पुढच्यांच्या पाठी बघायचे.
“पाठ हलली पाहिजे, पानवलकरबाई.
तोंड काय, जांभईलाही उघडतं.”
आणि हे पुणं. इथं माणूस हसला
तरी पावती मागेल असा चेहरा ठेवून हसतो.

इंगवले शेठ कोल्हापूरहून यायचे. पेढे आधी, पैसे नंतर.
नंतर म्हणजे पुढच्या चित्रपटाला.
पोस्टरवर खळदकरांचं नाव असायचं,
छापखान्याच्या नावाच्या बोटभर वर.

आता सांगायला हरकत नाही.
त्यातल्या निम्म्या वेळा रिबन अडकलेली असायची.
कधी ‘ज्ञ’ची कळ रुसायची.
एकदा पदरावर चहा सांडला, मी उठले,
तेवढ्यात पलीकडे रेघ ओढली गेली.
ती ओळ होती : “घरात साखर नाही, म्हणून गोड बोलतोय.”
मला तर ती बेताचीच वाटली होती.
थिएटर कोसळलं. पुढे वर्षभर
स्वारगेटच्या रिक्षांमागे ती रंगवलेली दिसायची,
आणि मी मान खाली घालून
रस्ता ओलांडायची, चोरी केल्यासारखी.

मग चित्रपटांचे दिवस पालटले.
एक मुलगा आला, पाठीवर सॅक, म्हणाला,
सर, प्रत्येक पानावर पंच हवा.
खळदकर म्हणाले, आमच्या गावात पाच होते,
कुणाचं कुणाशी पटायचं नाही.
मुलगा हसला नाही. त्यानं ते मोबाइलवर लिहून घेतलं.

आणि कान गेले. आधी डावा, मग उजवा, रकान्यांसारखे.
मोटारी मुक्या झाल्या, कुकर मुका झाला, यंत्रही.
तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या खोलीत आले,
माझ्या मागे उभे राहिले
आणि टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला.
लाकडातून येणारी खडखड
हातानं ऐकत.

पान बारा. प्रसंग विमा एजंटाचा.
विनोद शिळा होता. सासू, कर्णयंत्र, गैरसमज.
त्यांना न शोभणारा.
मी ओळ पूर्ण केली, आणि थांबले.
मुद्दाम. दहा मोजले.

पेन्सिल खिशातून निघाल्याचं कळलं.
मग बहिऱ्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा आवाज :
“रिबन ना?”

सव्वीस वर्षं.
रिबन शाबूत होती.
मी वळले नाही, तोंडावर पदर दाबला,
पण माझी पाठ त्यांच्याकडे होती.