खुर्चीची जागा

आधी खुर्ची हलवली.
बाल्कनीतली, वेताची, पाठीला माझा आकार आलेली.
तिच्या डाव्या हातावर जळक्या टोकांचे डाग,
मी मोजायला घेतले होते एकदा, मग सोडून दिले.
आता ती स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी,
पाहुण्यासारखी अवघडून.

मग कॉफी.
सकाळची काळी कॉफी सिगरेटला नावानिशी हाक मारायची,
म्हणून लिंडनच्या फुलांचा चहा.
कोमट, बेचव, आजारी माणसाचा.
तो कुणालाच हाक मारत नाही.

वार्नाच्या बंदरात माझी क्रेन नऊ नंबरची.
एकशे बेचाळीस पायऱ्या.
साठाव्या पायरीवर मी तेवीस वर्षं थांबले,
वाऱ्याकडे पाठ, काडी ओंजळीत.
दम मारायला थांबायचं
आणि खालच्यांना सांगायचं, दम खाते.
आता एकसष्टाव्या पायरीवर थांबते.
तिथून समुद्र वेगळा दिसतो,
असं काही नाही.
तोच समुद्र, तेच गंजके कंटेनर.
फक्त हाताला काय करायचं ते आठवत नाही.

हातासाठी सूर्यफुलाच्या बिया.
उजवा खिसा बियांचा, डावा टरफलांचा.
दोब्री म्हणाला, रादोस्तिना, वर पोपट पाळलायस का?
हसले.
हसताना खोकला आला नाही,
हे लक्षात आलं उतरताना, पार खाली पोचल्यावर.

घरचा रस्ताही बदलला.
कोपऱ्यावरच्या खोक्यातली बाई
माझी पावलं ऐकून पाकीट काढून ठेवायची.
आता शाळेमागून जाते, चिखलातून, चार मिनिटं जास्त.
तिला वाटत असेल मी रागावले.
जाऊन सांगायला हवं.
अजून नको.

सतराव्या रात्री भिंतीवर टकटक. मग दारावर.
गेन्चो, शेजारचा. बोटीवर आचारी होता.
आमच्या बाल्कन्यांत हातभर अंतर.
रोज दहाला मी त्याच्याकडे काडी मागायचे,
खिशात लायटर असून.
फार बोललो नाही कधी:
हवा, गुडघे, कुठलं जहाज लागलंय.
दारात उभा, पायात मोजे नाहीत.
"तुझा ठिपका दिसेना अंधारात.
मी म्हटलं, गेली."

डॉक्टरीणबाईंच्या यादीत
खुर्ची होती, कॉफी होती, रस्ता, हात.
शेजारी नव्हता.

आता दहाला तो वेताच्या खुर्चीत बसतो,
मी ओट्याला टेकून,
मध्ये बियांचा वाडगा.
माझ्या चहाला नावं ठेवतो आणि दोन कप पितो.
तो अजून ओढतो.
त्यासाठी तीन मजले उतरून खाली जातो
आणि परत येतो धापा टाकत,
स्वेटरला तो वास घेऊन.

मी खिडकी उघडते.
लगेच नाही.