अक्षरी, मात्र

प्रेस्टनमध्ये, फिशरगेटच्या मागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर आमचं खातं:
तीन टेबलं, न वाढणारा एक फिकस,
आणि दर सोमवारी रुसणारा प्रिंटर.
नेमणुकीची पत्रं मीच काढते. अकरा वर्षं झाली.

साचा ठरलेला.
पहिल्या पानावर अभिनंदन.
मग सुट्ट्या, आजारपण, नोटिशीची मुदत,
जिन्याखाली सायकल ठेवू नये हेसुद्धा.
पगार तेवढा नाही.
पगार 'परिशिष्ट ब' मध्ये, वेगळ्या कागदावर,
वेगळ्या पाकिटात, वर ठसा: गोपनीय.
जणू अवघड जागेचं दुखणं.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून.
त्यांच्या आदेशात हुद्द्याला लागूनच वेतनश्रेणी:
दोनशे साठ, दहा, तीनशे नव्वद, पंधरा,
चारशे वीस, दक्षतारोध, पंधरा…
दाढी करताना म्हणायचे, आरतीच्या चालीत.
आदेश कचेरीच्या फळ्यावर टाचलेला असे.
कुणाला किती, हे कॉलनीतल्या दूधवाल्यालाही ठाऊक,
उधारी त्यावरच ठरे.
रकमेनंतर नेहमी लिहीत: अक्षरी रुपये अमुक अमुक मात्र.
मात्र म्हणजे काय, मी विचारलं होतं.
म्हणाले, कडी. यापुढे कुणी काही घुसडू नये म्हणून.

गेल्या गुरुवारी कॉनर ॲशवर्थचं पत्र काढलं.
हुद्दा माझाच. कामाची यादी माझीच,
तिच्यातली एक शुद्धलेखनाची चूकही माझीच.
परिशिष्टाचा आकडा ग्रॅहमने पाठवला होता,
एकतीस हजार सातशे पन्नास.
माझा, सत्तावीस हजार चारशे.
प्रिंटर त्या दिवशी रुसला नाही.

चार हजार तीनशे पन्नास.
म्हणजे नवा बॉयलर, आणि वर उरतील इतके.
जुना आम्ही दोन हिवाळे थोपटून थोपटून चालवतोय.
मी आकड्याला अकराने गुणलं.
हिशेब चुकीचा आहे हे मला कळत होतं,
पहिल्या वर्षी फरक एवढा कुठला असणार.
तरी गुणलं.

बाईला वय विचारू नये, पुरुषाला पगार.
लग्नकार्यात किती वेळा ऐकलेलं हे वाक्य.
बाईचा पगार त्यात नाहीच,
हे कळायला मला बावन्न वर्षं
आणि लँकशायर लागलं.

शुक्रवारी चहाच्या खोलीत डोरीन होती,
खरेदी विभागातली, एकतीस वर्षांची नोकरी.
किटली खडखडत होती, तिच्या आडोशाने विचारलं:
तुला किती मिळतात?
तिने आधी दाराकडे पाहिलं.
मग बोट चहात बुडवून
ओट्यावर पाच आकडे लिहिले.
माझ्याहून कमी.
खाली मी माझे लिहिले.
तिसरी रक्कम लिहायला बोट उचललं,
पण ती माझी नव्हती. बोट पुसलं.
आम्ही दोघी तो ओला हिशेब बघत राहिलो
आणि तो कडांकडून वाळत गेला.
'अगं,' तिच्या बोलीत असतं तसं काहीतरी ती म्हणाली,
'माझ्या नवऱ्यालासुद्धा हे ठाऊक नव्हतं. गेला बिचारा.'
मग फडकं घेऊन जरा जास्तच जोरात ओटा पुसला.

सोमवारी ग्रॅहमला अर्ज दिला.
अभिनंदन नाही, हवामान नाही.
पहिल्याच ओळीत माझा पगार, आकड्यांत.
दुसऱ्या ओळीत तोच, अक्षरी.
तिसऱ्या ओळीत प्रश्न: माझ्या हुद्द्याला आज काय देता?
दुसऱ्या ओळीच्या शेवटी पेनाने, देवनागरीत,
बाबांसारखा 'त्र' ओढून: मात्र.

ग्रॅहमने चष्मा वर केला. ही नक्षी कसली?
म्हटलं, आमच्याकडे रकमेपुढे लावतात. कडी.

या शब्दाने आम्ही पुढचं वाक्य सुरूही करतो,
ते सांगितलं नाही.