उतरतीचं तिकीट

बावीस वर्षं झाली, वाल्पाराइसोत
टेकडीच्या माथ्यावर, लिफ्टच्या खिडकीत बसते मी.
लिफ्ट कसली, रुळांवरचे दोन लाकडी डबे
आणि एक तार.
हा खाली घसरतो म्हणून तो वर येतो,
अर्ध्या वाटेत दोघं एकमेकांना ओझरते भेटतात.
शेजारून जिना. एकशे त्र्याण्णव पायऱ्या.
मी नाही मोजल्या. निकानोरने मोजल्यात.

निकानोर पोस्टमन.
खांद्यावर कातडी पिशवी, तिच्यात विजेची बिलं,
खलाशांची उशिरा पोचणारी पत्रं,
पायांत दोन-दोन पायऱ्या गिळणारी भूक.
खाली डब्याचं दार लागलं की हा जिन्याला भिडायचा
आणि डबा वर टेकायच्या आत काचेवर टकटक:
"ओर्तेन्सिया, तुझी म्हातारी आजही हरली!"
म्हातारी म्हणजे लिफ्ट.
मी तेव्हा एकोणचाळीसची होते.

निवृत्त झाला, पिशवी गेली, शर्यत राहिली.
मग बरोबरी होऊ लागली.
मग एका जुलैत, धुक्याच्या सकाळी,
डबा आधी पोचला
आणि मी, देव मला क्षमा करो,
पोचल्याची घंटा जरा उशिरा वाजवली.
त्याला ते कळलं.
दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
पुढचे दोन महिनेही नाही.

आला तेव्हा एकेक पायरी, कठड्याला हात.
मधल्या चौथऱ्यावर थांबून
जहाजं बघायचा बराच वेळ.
बंदरात जहाज असो वा नसो.

आणि एका गुरुवारी, घामेजलेला,
माथ्यावरच्या खिडकीत त्याने नाणं सरकवलं.
"एक. खाली."
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
अख्खा गाव तिकीट काढून वर येतो
आणि पायी उतरतो.
तो जमिनीकडे बघत म्हणाला,
"चढणं जमतं अजून.
उतरताना गुडघ्यात कोणीतरी वाळू दळतं."

उतारवय म्हणे!
हा शब्द ज्याने केला
त्याने खाली चालत येऊन पाहिलं नसावं.

दवाखान्यातल्या पोरीने त्याला समजावलं होतं,
नखं निळी रंगवलेली, वय फार तर चोवीस:
"डॉन निकानोर, चढताना शरीर ढकलायचं असतं,
उतरताना सावरायचं.
सावरणं जड जातं. तेही शिकू, पण हळू."
घरचा अभ्यास दिला तिने:
खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दहा वेळा,
आणि बसताना धपकन नाही,
अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखं बसायचं.
हे सांगताना तो स्वतःच हसला. मग मीही.

पायरी ओळखून राहावं, असं लोक टोमण्याने म्हणतात.
हा खरंच ओळखतो:
एक्केचाळिसावी फुटकी, अठ्ठ्याऐंशीवर सकाळी ओल,
एकशे वीसनंतर श्वासाला विचारायचं,
मग पुढे.
एकोणीस मिनिटं लागतात. घड्याळ मी बघते,
तो आता बघत नाही.
(बघतो. पण मला न दिसेल असा.)

वर आला की बाहेरच्या बाकावर उठाबशा,
आणि आत, दोन फेऱ्यांच्या मधे,
माझ्या स्टुलावर माझ्या.
एकसष्ट वर्षांची झाले, बसून बसून
कंबरेचं लाकूड झालंय,
हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
तो बाहेरून मोठ्याने मोजतो,
तिकिटासाठी उभी शाळकरी पोरं
पाचपासून त्याच्याबरोबर मोजायला लागतात.

काल आठव्याला मला टेबल धरावं लागलं.
काचेपलीकडून म्हणाला,
"टेबल चालतं."

मग डब्यात जाऊन बसला,
कोंबडीसारखा, सावकाश.
खालचा डबा वर यायला निघाला.
मी घंटा वाजवली.
वेळेवर.