सोमवारी उद्यमनगरात

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ झाकलेले, शटरं खाली,
गटारीवर तेलाचे रंग हलत नाहीत.
दस्तगीर मिस्त्री मात्र नेमके सोमवारीच यायचे,
अर्धं शटर उचलायचे
आणि म्हणायचे, वाकून ये आत.

मी सोळाचा. दहावी दोनदा.
विचारलं, आज काय करायचं?
"काय न्हाई. बस."

बसलो, कॉटन वेस्टच्या गठ्ठ्यावर.
पहिल्या सोमवारी मला फक्त मीच ऐकू आलो:
पोटातली गुरगुर, सकाळचं आईशी भांडण,
एका गाण्याची पहिलीच ओळ, पन्नास वेळा.
पुढल्या सोमवारी तेच. ओळ जरा लवकर दमली.
तिसऱ्या की चौथ्या, नक्की आठवत नाही,
ऊन चढलं तसं कळलं,
वरचा पत्रा एकेका खिळ्यापाशी ताणतोय.
टक्.
मग बऱ्याच वेळानं, टक्.
मिस्त्रींनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "कितवा?"
मला वाटलं, चेष्टा करालेत.

मंगळवारी पुन्हा सगळं सुरू.
घण, ग्राइंडर, शेजारच्या फौंड्रीचा ब्लोअर,
ओरडल्याशिवाय चहा न विकणारा पोरगा.
कागलकडनं एक इंजिन आलेलं, उसाच्या पाण्याचं,
तीन गॅरेजं फिरून.
मालक हातवारे करत होता:
पिस्टन बदलला, नोझल बदललं, आता मालकच बदलायचा ऱ्हायलाय.
मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनच्या अंगाला,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि त्या कालव्यात मी पाहिलं,
त्यांच्या तोंडावर सोमवार उतरला.

मग मूठ माझ्या हातात. "सांग."
आधी नुसताच धडधडाट.
मग त्याच्या खाली, फार खाली,
कुणीतरी जिना उतरत होतं
एका पायातलं पायताण सैल असल्यासारखं.
"मागलं बेअरिंग," मी म्हणालो.
कसं ते सांगता आलं नसतं. त्यांनी विचारलंही नाही.
खोललं. पुढचं निघालं.
मी मान खाली घातली.
"बेअरिंग म्हणालास न्हवं?
पुढचं-मागचं यील हळूहळू."

चाळीस वर्षांच्या आवाजानं त्यांचे कान नेले.
आधी डावा, मग दोन्ही.
चहावाला पोरगा आता त्यांच्यासमोर नुसताच ओठ हलवायचा,
हसायचा.
तरी सोमवारी यायचे.
मी शटर उचलायचो, ते वाकून आत,
स्टूल ओढून बसायचे,
पत्रा पेलणाऱ्या लोखंडी खांबावर तळवा ठेवून.
ऊन चढायचं.
बऱ्याच वेळानं डोळे मिटूनच विचारायचे, "कितवा?"
मी त्यांच्या गुडघ्यावर बोटं टेकवायचो: सात.
ते मान हलवायचे.

आठ.